झेंडा देव आहे का?

बाळा,
परवा मंडळाच्या 15 ऑगस्टहून घरी येताना गाडीत तू विचारलंस, आजीने झेंड्याला नमस्कार का केला, झेंडा काय देव आहे का, इथे स्टुटगार्टमध्ये तर कुणीच असं करत नाही. मी घाईत "नाही रे" म्हणून विषय संपवला, ते मलाच बरं वाटलं नाही, म्हणून लिहितेय.

देव नाहीये. पण आपण त्याला झेंडावंदनच म्हणतो, आणि वंदन काही फक्त देवाला नसतं. पुस्तकाला पाय लागला की तू हात लावून कपाळाला लावतोस ना, तसंच. आमच्या शाळेत आदल्या दिवशी खांबाभोवती रांगोळी निघायची, झेंड्याच्या घडीत झेंडू-गुलाबाच्या पाकळ्या भरून सरकगाठ मारायची, ती गाठ मी पाचवीत असताना मारली होती आणि रात्रभर धाकधूक की उद्या सुटते की नाही. सुटली, पाकळ्या डोक्यावर पडल्या आणि आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

आता तुझं चित्र. तू झेंड्यावरच्या चक्रात 16 आरे काढलेस, ते 24 हवेत. आधीच्या झेंड्यावर चरखा होता, 22 जुलै 1947 ला घटना समितीने तिरंगा स्वीकारला तेव्हा त्याचं नुसतं चाक ठेवलं, सारनाथच्या अशोकस्तंभावरचं. का माहितीय? चरखा काढलेला कागद खिडकीला लावून मागून बघ, उलटा दिसेल. चक्र दोन्हीकडून सारखंच.

आणि केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा असं तुला कुणीतरी सांगेलच. 1921 मध्ये रंग धर्मांवरून ठरवले होते हे खरं, पण 1931 मध्ये काँग्रेसने ते बदलले आणि रंगांचा धर्माशी संबंध नाही हे स्पष्ट केलं. पुढे घटना समितीत राधाकृष्णन यांनी किती छान सांगितलं, केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्याच्या वाटेवरचा उजेड, हिरवा म्हणजे माती आणि झाडापिकांशी आपलं नातं, आणि चक्र म्हणजे चालत राहणं. मला हाच अर्थ पटतो, तूही हाच लक्षात ठेव.

अजून एक, हे मला तुला कधीचं सांगायचं होतं. आपण राहतो ना, त्याच स्टुटगार्टमध्ये ऑगस्ट 1907 मध्ये मादाम कामांनी जगभरातून आलेल्या समाजवाद्यांच्या परिषदेत भारताचा झेंडा फडकवला होता, तेव्हा आपल्याकडे इंग्रजांचं राज्य होतं. तो झेंडा आता पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलाय. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत "वंदे मातरम्" लिहिलंय, त्यातला "वंदे" आणि झेंडावंदनातलं वंदन एकच. डिसेंबरमध्ये गेलो की आजोबा तुला नेणार आहेत, तुला आता जोडाक्षरं येतात, तेव्हा वाचून तूच दाखव त्यांना.

तुझी
आई