कॅथेड्रल म्हणजे 'मोठं चर्च' नव्हे

प्रश्न असा आला आहे: 'स्पेनमधल्या कोर्दोबाच्या "मेस्किता-कातेद्राल"ला मराठीत "मशीद-चर्च" म्हटलं तर चालेल का? आणि मॉस्क हा शब्द मॉस्किटोवरून आला असं वाचलं, ते खरं का?'

डासाचं आधी उरकतो. साफ खोटं. मॉस्किटो म्हणजे स्पॅनिश 'मोस्का', अर्थात माशी, तिचं लाडकं रूप. मॉस्क आला अरबी 'मस्जिद'पासून. स्पेनमध्ये त्याची 'मेस्किता' झाली आणि इटालियन-फ्रेंचमध्ये झिजत झिजत तो इंग्रजीत पोचला. तरी हा डास दर वर्षी कुठल्यातरी व्हॉट्सॲप गटातून उठतोच. मस्जिदमधला 'म' जागा दाखवणारा आहे. सजदा (नमाजात जमिनीला माथा टेकणं) करायची जागा ती मस्जिद. तोच 'म' आपल्या मुक्कामात आहे, मैफलीत आहे, आणि मजल्यातही (मूळ मंजिल, उतरायची जागा). पुरे.

आता 'चर्च'. इथे माझं डोकं फिरतं. वर्तमानपत्रांत, सहलींच्या जाहिरातींत, आता तर भाषांतराच्या पुस्तकांतही कॅथेड्रल म्हणजे 'भव्य चर्च' असंच लिहितात. आकाराचा काही संबंध नाही हो! बार्सिलोनाची साग्रादा फमिलिया आभाळाला भिडली तरी ती कॅथेड्रल नाही. त्या शहराचं कॅथेड्रल वेगळं आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझस बॅसिलिका (पोपने खास मान दिलेलं चर्च) आहे, कॅथेड्रल नाही. वांद्र्याची माउंट मेरीही नाही. ज्या चर्चमध्ये बिशपचं, म्हणजे त्या प्रांताच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाचं, आसन असतं ते कॅथेड्रल. बस्स.

शब्दच ते सांगतो. ग्रीक 'कथेद्रा' म्हणजे आसन. 'कता' म्हणजे खाली, 'हेद्रा' म्हणजे बैठक. ग्रीकमध्ये आरंभीच्या 'स'चा बऱ्याचदा 'ह' होतो, आपलं सप्त तिकडे 'हेप्ता' होतं तसा. म्हणजे हेद्रातला धातू आपला 'सद्', बसणे. सदन, संसद, परिषद, उपनिषद ही सगळी त्याचीच पोरं. 'कता'च्या जागी 'नि' ठेवा, कथेद्राचा सांगाडा थेट 'निषद्या'त सापडतो. निषद्या म्हणजेही आसनच! मला विचाराल तर कॅथेड्रलला निषद्यामंदिर म्हणावं. कोणी म्हणणार नाही, ठाऊक आहे. (या यादीत कृपया 'सदर' घुसडू नका. वाड्याची सदर अरबी 'सद्र'वरून आली, तिचा मूळ अर्थ छाती. हे एका अभ्यासकांना मी दोनदा लिहून कळवलं. पुढच्या लेखात त्यांनी सदर पुन्हा सद् धातूवर नेऊन बसवली.)

हीच कथेद्रा लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेली तेव्हा तिची 'चेअर' झाली. स्पॅनिशमध्ये झाली 'कादेरा', आणि कादेरा म्हणजे चक्क कुल्ला. बूड टेकायच्या जागेचं नाव बुडालाच मिळालं. पोर्तुगीजांत 'कादेइरा' म्हणजे खुर्ची, ती गोव्यात उतरली आणि कोंकणीत तिचं 'कदेल' झालं. मडगावच्या एका घरात म्हातारीने मला 'कदेलार बस' म्हटलं तेव्हा मी उभाच राहिलो. वेताची, एका पायाने डुगडुगणारी खुर्ची ती, आणि नाव कॅथेड्रलचं! जुन्या गोव्याच्या 'से कॅथेड्रल'मधलं 'से' हेही लॅटिन 'सेदेस', म्हणजे पुन्हा आसन, पुन्हा तोच धातू. 'पिवळा पीतांबर'च की.

हां, कोर्दोबा. ७८५च्या सुमारास पहिल्या अब्द-अल-रहमानने ती मशीद बांधायला घेतली आणि पुढची दोनशे वर्षं ती वाढत गेली. १२३६ मध्ये कास्तिया या ख्रिस्ती राज्याच्या राजाने, तिसऱ्या फर्नांदोने, शहर जिंकलं आणि मशिदीचं कॅथेड्रल झालं. पण पाडापाडी करून नाही. लाल विटा नि पांढरा दगड आलटून पालटून लावलेल्या त्या दुमजली कमानी तशाच राहिल्या. चॅपेलं (छोटी प्रार्थनादालनं) आली, थोडेफार फेरफार झाले; मधोमध उंच चर्च उभं करायला सुरुवात झाली ती १५२३ मध्ये. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं ती वास्तू दिसायला मशीद आणि नावाने, अधिकाराने कॅथेड्रल होती. 'भव्य चर्च'वाल्यांनी या तीनशे वर्षांचं काय करायचं ते सांगावं. तिथे नवी आली होती ती बिशपची गादी.

म्हणून 'मशीद-चर्च' नको. 'मशीद-कॅथेड्रल' लिहा. मराठीच हवं असेल तर 'गादीचं चर्च' म्हणा. शंकराचार्यांच्या, महंतांच्या गाद्या आपल्याला कळतात, बिशपचीही कळेल. 'मुख्य चर्च' सुचवणाऱ्यांना मुख्य म्हणजे कशात मुख्य हे अजून सांगता आलेलं नाही. कोर्दोबाची माणसं या भानगडीत पडत नाहीत, ती नुसतं 'ला मेस्किता' म्हणतात. आत गेलात तर कमानींच्या त्या रानातून वाट काढत मधल्या कोरापर्यंत (पाद्री बसून स्तोत्रं गातात ती जागा) जा. अठराव्या शतकातलं महॉगनीचं कोरीव काम आहे. बाकांच्या रांगांच्या मधोमध एक उंच आसन दिसेल. कदेल ते.