तीन लाख किलोमीटरवर चाललेली डिझेल पिकअप घ्यावी का, याबद्दल

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांत बायको आणि मुलीला घेऊन परदेशी राहायला निघताय, आणि तिकडे पोचल्यावर पहिली गाडी म्हणून ३ लाख २० हजार किलोमीटर चाललेली डिझेल पिकअप स्वस्तात मिळतेय ती घ्यावी का. व्हिसा, लायसन्स वगैरे सरकारी साइटवर सगळं आहे, ते सोडतो. तुमचा प्रश्न वाचून मला काल झोपच लागली नाही, कारण मी पण अशीच गाडी घेतली होती, इथे आल्यावर पाचव्या महिन्यात.

नुसत्या किलोमीटरला घाबरू नका. हायवेवर ३ लाख पळालेलं डिझेल इंजिन शहरात दीड लाख रखडलेल्या इंजिनपेक्षा बरं असू शकतं. काही पिकअपमध्ये इंजिन किती तास चाललं ते दिसतं, एकूण किलोमीटरला त्या तासांनी भागा, सरासरी ताशी १५-२० किलोमीटर आली तर समजा गाडी बराच वेळ जागेवर उभी राहून घुरघुरलीय किंवा ट्रॅफिकमध्ये रखडलीय. बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका, गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. थंड इंजिन सुरू करताना खरं काय ते कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा, आतून जोरात धूर फसफसत आला तर बहुधा पिस्टन रिंगा गेल्यात. खाली वाकून चासी बघा, बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथे गंज आतून खातो. आणि इंजिनला डिझेल दाबाने पुरवणारा हाय प्रेशर पंप फुटला तर धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत सगळीकडे जातो, तो खर्च स्वस्त गाडीच्या किमतीएवढा होऊ शकतो, म्हणून तेवढे पैसे बाजूला असतील तरच हात घाला.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मी दुपारी गेलो, बॉनेट गरम होतं, आणि मी काही बोललो नाही. त्या माणसाने मला बसवलं, कॉफी दिली, आईची तब्येत विचारली, दोन तास गप्पा मारल्या. पाच महिन्यांत माझ्याशी कोणी एवढं बोललं नव्हतं हो. त्याला नाही म्हणणं मला जमेना. गाडी मी त्या दोन तासांसाठी घेतली, हे बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मग विमा. माझी १४ वर्षांची ड्रायव्हिंग त्यांनी शून्य धरली, प्रीमियम नवशिक्याचा. तुम्ही निघायच्या आधी तुमच्या विमा कंपनीकडून इतकी वर्षं क्लेम नाही असं पत्र लेटरहेडवर घ्या, काही कंपन्या मानतात. आणि पासपोर्टवर नाव जसं आहे अगदी तसंच सगळीकडे लावा, माझं वडिलांचं नाव एका कागदावर होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं, त्यापायी गाडी नावावर व्हायला सात आठवडे गेले.

आता मुख्य गोष्ट. अलीकडच्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जळायला साधारण ६०० डिग्री लागतात, म्हणजे अधूनमधून गाडी हायवेवर वीस-तीस मिनिटं पळायला हवी. मी रोज मुलाला ४ किलोमीटरवर शाळेत सोडायचो आणि परत. बस. फिल्टर तुंबत गेला, दिवा लागायचा, मी पुढे ढकलायचो. ज्या दिवशी मुलाला कुठल्या वर्गात बसवायचं त्याची परीक्षा होती त्याच दिवशी गाडी लिंप मोडमध्ये गेली, ताकदच देईना. आम्ही ४० मिनिटं उशिरा पोचलो. अर्धा पेपर कोरा. त्याला एक इयत्ता खाली बसवलं, मी शाळेत तीनदा जाऊन भेटलो, पुन्हा परीक्षा घ्या म्हटलं, तर म्हणे पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही बघितलं नाही. तो आज वर्गात सगळ्यांपेक्षा उंच आहे. त्याने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

तेव्हा आधी मला हे कळवा की मुलीची शाळा घरापासून किती लांब आहे. दोन-चार किलोमीटर असेल आणि लांबचा प्रवास नसेल तर पेट्रोलची छोटी गाडी घ्या, सामानाला पिकअप दिवसाच्या भाड्याने मिळते. आणि तरीही ती जुनी डिझेल पिकअप बघायला गेलात तर एकटे बसू नका त्या माणसासमोर, मला व्हिडिओ कॉल लावा, माझ्याकडे कितीही वाजलेले असू देत.