सैंधव, पापड आणि शिळा भात

प्रश्न : नमस्कार ताई, सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत, उपकेंद्रात बीपी मोजलं तर १५८/९६ निघालं, मग पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) परत दोनदा बघितलं तरी जास्तच, म्हणून गोळी चालू झाली. सिस्टर म्हणाल्या मीठ कमी करा. तर सासूबाईंनी लगेच सैंधव आणलं आणि आता म्हणतात हे उपासाचं मीठ, कितीही खाल्लं तरी चालतं, वर ठेचा-पापड-लोणचं आहेच. मी काही बोलले की "तू काय डॉक्टर आहेस का". आणि उपकेंद्रात असं नीट बसून कुणी सांगत का नाही, गोळ्या घेतल्या की चला घरी.
– एक सून, सातारा जिल्हा

उत्तर : अहो, सैंधवाच्या नादाला माझी आईपण लागली होती, तेव्हा सासूबाईंवर फार रागावू नका. सैंधव म्हणजेसुद्धा सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी आहे म्हणून बीपी काही सूट देत नाही, उलट पाकिटातल्या मिठात घातलेलं आयोडीन यात सहसा नसतंच, म्हणून घरात गरोदर बाई किंवा लहान पोरं असतील तर अख्ख्या घराचं मीठ बदलायच्या भानगडीत पडू नका. ते 'लो सोडियम' मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते महागात पडू शकतं, आधी डॉक्टरांना विचारा.

मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा पण नाही, आणि त्यात लोणचं, फरसाण, खारी सुकट सगळं धरून. पापडात तर मीठ असतंच आणि वर पापडखार, तोही सोडियमच, हे कुणाच्या लक्षातच येत नाही! म्हणून पहिल्यांदा ताटाची डावी बाजू बघा. ठेचा पूर्ण बंद करा म्हटलं तर घरात भांडणं होतील, मिरची-लसूण तेवढंच ठेवा, मीठ निम्मं, वरून लिंबू पिळा. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर ते बंद करा, भाजीला आमसूल, कूट. दोन-तीन आठवडे बेचव लागेल, मग जीभ सरावते.

उपकेंद्राची तुमची तक्रार मात्र अगदी बरोबर. "मीठ कमी करा" हा सल्लाच अर्धवट आहे, कारण ऐकणाऱ्याला वाटतं आमटीतलं मीठ, पापडाचं नाव कुणी घेतच नाही. ओपीडीच्या गर्दीत सिस्टरला तेवढा वेळ नसतो हेही खरं. पण आता बऱ्याच उपकेंद्रांत सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी-शुगर तपासणं आणि आहाराचं सांगणं हे त्यांचं कामच आहे. शिवाय महिन्यातून एकदा अंगणवाडीत ग्राम आरोग्य पोषण दिवस असतो, आशाताईंना तारीख विचारा आणि सासूबाईंना बरोबर न्या. जाताना सैंधवाचं पाकीट पण पिशवीत टाका आणि सासूबाईंसमोरच सिस्टरना विचारा, सुनेचं ऐकलं नाही तरी सिस्टरचं ऐकतील. गोळी मात्र मीठ कमी केलंय म्हणून आपल्या मनाने सोडू देऊ नका.

प्रश्न : रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकतो, परवा घरातल्या तिघांना उलट्या झाल्या. चांगला गरम केला होता तरी?

उत्तर : तरीही होतं. भात रात्रभर बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्यातले काही असं विष सोडतात की फोडणीच्या उष्णतेनेही ते जात नाही. उरलेला भात ताटात पसरून पटकन गार करा आणि फ्रिजमध्ये टाका, फ्रिज नसेल तर रात्री मोजूनच लावा. उलट्या-जुलाब झालेच तर आशाताईंकडून ओआरएस आणा, एक लिटरचं पाकीट असेल तर ते एक लिटर पाण्यातच पूर्ण मिसळायचं, ग्लासात चिमूट-चिमूट टाकून नाही. लहान मूल मलूल पडलं, लघवी कमी झाली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरी थांबू नका, सरळ पीएचसी गाठा.