गायरान वाचवायला सगळ्यांना एकत्र कसं बसवायचं?

तुम्ही विचारलंय : गावचं गायरान वाचवायचं आहे, पण शेतकरी, मेंढपाळ, पंचायत आणि वन खातं यांचं एकमेकांशी पटत नाही, सुरुवात कुठून करू?

सभेपासून तरी करू नका. मी सोलापूरचा, गाव नान्नजच्या बाजूला. सगळं आधी ठरवून मग लोकांना सांगितलं की काय होतं, ते आमच्या माळावर पाहिलंय.

माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. नकाशावर रेघ मारली तेव्हा तिच्यात खासगी शेतं आली, गावंच्या गावं आली. मग जमिनीच्या व्यवहारापासून बांधकामापर्यंत सगळीकडे परवानग्या. बहिणीच्या लग्नासाठी वडील एक तुकडा विकणार होते, तो कागदातच अडकला. घरात माळढोकाचं नाव निघालं की आई भांडी आपटायची. त्या बिचाऱ्याचा काय दोष? वर्षाला एखादंच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. खायला आमच्याच रानातले नाकतोडे. २०१२ मध्ये क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर ३३ वर्षं राग पक्ष्यावरच निघत होता.

त्यात माळ म्हणजे पडीक, असं धरून गवताळ रानात गिरिपुष्पाची झाडं लावली गेली. आमच्याकडचे एक धनगर आजोबा तेव्हाच म्हणाले होते, "सायेब, ह्यो पक्षी झाडावर बसतच न्हाई की. मग झाडं कुणासाठी?" खरंच आहे, फांदी धरायला त्याला मागचं बोटच नसतं. आजोबांना कुणी विचारलंच नव्हतं. पुढे ती झाडं काढायचं काम करावं लागलं.

तर आधी तलाठ्याकडून सातबारा काढा. गायरान बहुतेक ठिकाणी महसुलाचं असतं, वन खात्याचं नव्हे. निम्मं भांडण तिथंच मिटेल. मग एकेकाच्या दारी जा आणि एवढंच विचारा, "यात तुमचं काय जाईल?" मेंढपाळाशी बोलायला मेंढरांच्या वाड्यावर संध्याकाळी जा, मेंढरं परतल्यावर. चारा आणणाऱ्या बायकांना वगळू नका, कुठल्या कोपऱ्यात कुठलं गवत येतं ते त्यांनाच ठाऊक.

बैठक सरपंचाच्या घरी नको, दुसरा गट फिरकणार नाही. मारुतीच्या पारावर घ्या. पहिल्या दिवशी एकच ठरवा : यंदा पावसाळ्यात कुठला तुकडा चराईला बंद, आणि तेवढे दिवस मेंढरं कुठं जाणार. दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत पहिल्यावर सह्या घेऊ नका.