थाय पासपोर्ट घ्यायच्या आधी भारतीय पासपोर्टचं बघा

परदेशी नागरिकत्वावरचे प्रश्न मागवले तर अमेरिका-कॅनडापेक्षा थायलंडवरचीच पत्रं जास्त आली, त्यामुळे यावेळचं सदर पूर्ण थायलंडलाच देतेय.

माझा धाकटा भाऊ बँकॉकला सिलोम भागात रत्नांच्या कंपनीत नोकरीला आहे. बायको थाय, एक मुलगी आहे. आता तिकडचं नागरिकत्व घेतो म्हणतोय. आई म्हणते तो मग आपला राहणार नाही, गावची जमीन पण हातची जाईल. खरं काय आहे? (एक ताई, गिरगाव)

ताई, आईंच्या भीतीत अर्धं खरं आहे आणि ते अर्धं फार महत्त्वाचं आहे म्हणून आधी तेच सांगते. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. संविधानाचं कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही कलम ९, दोन्हीकडे एकच गोष्ट आहे की स्वतःच्या मर्जीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही, कोणी नोटीस पाठवत नाही, आपोआप संपतं. थायलंडमध्ये राजाची मंजुरी मिळते, एकनिष्ठेची शपथ होते आणि मग नाव तिथल्या शाही राजपत्रात छापून येतं, त्या दिवसापासून तो थाय नागरिक. म्हणजे त्याच दिवसापासून भारतीय नाही, भले कपाटात भारतीय पासपोर्ट अजून चालू तारखेचा पडलेला असो.

बरेच जण म्हणतात की थायलंड दोन पासपोर्टकडे काणाडोळा करतं. तिकडचं सोडा, इथला कायदा काणाडोळा करत नाही. आणि तिकडेही अर्ज करताना आधीचं नागरिकत्व सोडायची तयारी लिहून द्यावी लागतेच.

आता त्याला मिळू शकतं का, तर हो, आणि तुलनेने सोप्या वाटेने. थायलंडचा नागरिकत्व कायदा १९६५ चा आहे, त्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि थाय बाईच्या परदेशी नवऱ्याला दोन मोठ्या अटींतून सूट मिळाली, एक म्हणजे तिथे पाच वर्षं कायमचा रहिवासी असण्याची आणि दुसरी थाय भाषा येण्याची. त्याच्या आधी नवरा असून काही फायदा नव्हता, बाकीच्या परदेशी लोकांच्याच रांगेत उभं राहावं लागायचं. आता लग्न रजिस्टर झालेलं हवं, मूल असेल तर एक वर्ष आणि नसेल तर तीन वर्षं झालेली हवीत, तीन वर्षांचं वर्क परमिट, महिना ४०,००० बाथ पगार आणि त्यावर भरलेला टॅक्स, वागणूक चांगली, पोलीस रेकॉर्ड साफ. एवढं असलं तरी शेवटी देणं न देणं तिथल्या गृहमंत्र्यांच्या मर्जीवर आहे, हक्क म्हणून मागता येत नाही.

जमिनीचं म्हणाल तर आईंना सांगा वारसा जात नाही. त्याने ओसीआय कार्ड (दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) काढलं की गावची शेतजमीन वारसाने त्याच्याकडे येऊ शकते, सातबाऱ्यावर नाव लागू शकतं, मुंबईत फ्लॅट घेता येतो, ठेवता येतो. फक्त नवीन शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येणार नाही, आणि वारसाने आलेली शेतजमीन विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि आपल्या कुळकायद्याप्रमाणे तो शेतकरीही असायला लागतो. मतदान मात्र बंद. मतदार यादीतलं नाव काढून घ्यायचं.

एक गोष्ट त्याला नक्की सांगा कारण ही कोणी सांगत नाही. अशा नागरिकत्वाला नॅचरलायझेशन म्हणतात आणि ते काढूनही घेता येतं. अर्जात खोटं सापडलं, जुन्या देशाचं नागरिकत्व अजून वापरतोय असा पुरावा मिळाला, देशाच्या सुरक्षेला धोका होईल असं काही केलं, किंवा थायलंडमध्ये घर-पत्ता न ठेवता पाच वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर ते रद्द होऊ शकतं. म्हणजे उद्या थाय झाला आणि मग आईसाठी ओसीआयवर गिरगावात येऊन राहिला, तर तिथल्या घराची नोंद, ज्याला ते तबियन बान म्हणतात, ती चालू ठेवलीच पाहिजे. नाहीतर इथलं गेलेलं आणि तिथलंही जाईल, आणि मग माणूस कोणत्याच देशाचा राहत नाही. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

एका एजंटने सांगितलं की पैसे भरून दोन वर्षांत थाय पासपोर्ट मिळतो. मी सिंगल आहे, आयटीत आहे. भरू का? (वाचक, डोंबिवली)

एक रुपयाही भरू नका. पैसे गुंतवून नागरिकत्व अशी योजना थायलंडमध्ये नाहीच आहे. थायलंड प्रिव्हिलेज, ज्याला आधी एलिट म्हणायचे, ती मेंबरशिप आहे, पैसे भरून बरीच वर्षं राहायचा व्हिसा मिळतो, पण तो कायमच्या रहिवासाच्या वाटेवर धरला जात नाही. एजंट बहुतेक हेच काहीतरी पासपोर्ट म्हणून विकतोय.

तुमच्यासारख्याची खरी वाट ही आहे: नोकरीचा नॉन-इमिग्रंट व्हिसा सलग तीन वर्षं, मग पीआरचा म्हणजे कायमच्या रहिवासाचा अर्ज, जो वर्षातून एकदाच साधारण वर्षाच्या शेवटी घेतात आणि एका देशाच्या जास्तीत जास्त १०० लोकांनाच वर्षाला देतात. पीआर मंजूर झाला की फी १,९१,४०० बाथ. मग पीआरवर पाच वर्षं, मग नागरिकत्वाचा अर्ज, पगार महिना ८०,००० बाथच्या वर हवा, थाय बोलता-समजता यायला हवी, राष्ट्रगीत आणि राजगीत म्हणून दाखवावं लागतं, शिवाय वय, शिक्षण, नोकरी, भाषा यावर १०० पैकी गुण असतात त्यात किमान ५० हवेत. नुसती राहायची वर्षं धरली तरी आठ झाली, फाईल हलायला लागणारा वेळ वेगळाच.

आणि हे सगळं करून भारतीय पासपोर्ट जाणार. तुम्हाला तिथे राहून काम करायचं असेल तर पीआरवरच थांबा असं माझं स्पष्ट मत आहे. पीआर असला तरी वर्क परमिट लागतं, जमीन घेता येत नाही हे खरं, पण फ्लॅट परदेशी माणसालाही घेता येतो, बिल्डिंगच्या एकूण एरियाच्या ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी लोकांची मालकी चालते. फक्त भारतात सुट्टीवर यायच्या आधी परत यायचा शिक्का घ्यायला विसरू नका, त्याच्याशिवाय देश सोडला तर पीआर जातो.

मुलीने थाय मुलाशी लग्न केलंय. तिला थाय व्हावंच लागेल का? घटस्फोट झाला तर काय? (काका, ठाणे)

नाही काका, काही सक्ती नाही. लग्नाच्या व्हिसावर ती भारतीय राहूनच आयुष्य काढू शकते. घ्यायचंच झालं तर परदेशी बायकोसाठी थाय कायद्यातलं कलम ९ वेगळं आहे, पीआर नको, भाषेची अट नको, स्वतःचा पगार दाखवायला नको, नवऱ्याचं उत्पन्न बघतात. घटस्फोट झाला म्हणून ते आपोआप जात नाही. लग्नच खोटं होतं किंवा देशाविरुद्ध काही केलं अशा कारणांनी काढता येतं, पण पाच वर्षं बाहेर राहिल्याचं जे कारण वरच्या ताईंच्या भावाला लागू होईल ते हिला नाही. म्हणजे बायकोला मिळालेलं जास्त पक्कं. पण भारतीय नागरिकत्व हिचंही जाणारच, म्हणून निदान लग्नाची काही वर्षं जाऊ द्या, घाई कसली आहे.

नातू बँकॉकला झाला. मुलगा भारतीय, सून थाय. त्याला दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील का? (आजी, परळ)

आजी, अभिनंदन. आई थाय म्हणजे नातू जन्मानेच थाय, आणि जन्माने मिळालेलं असल्यामुळे ते भक्कम. भारतीय व्हायला मात्र जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करावी लागते आणि त्यात आईबाबांनी लिहून द्यायचं असतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. त्यामुळे दोन पासपोर्ट हे जमत नाही, आणि नोंद केली तरी सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत थाय नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय जातं. त्यापेक्षा थाय पासपोर्ट आणि वर ओसीआय कार्ड, आईबाबांपैकी एकजण भारतीय असला तरी लहान मुलाला ते मिळतं. मुलगा आहे म्हणून अजून एक, थायलंडमध्ये २१ व्या वर्षी सैन्यभरतीची चिठ्ठी काढतात, दर एप्रिलमध्ये, लाल आली तर जावं लागतं, काळी आली तर सुटका. ओसीआय आहे म्हणून त्यातून सूट नाही.

आणि आईबाबा दोघं भारतीय, मूल फक्त तिकडे जन्मलं तर? (वाचक, अंधेरी)

दोघं तात्पुरत्या व्हिसावर असतील तर नाही मिळत. तिथे जन्मलो म्हणजे थाय असं नसतं, २०१८ मध्ये थाम लुआंग गुहेतून सुटलेल्या फुटबॉल टीममधली तीन मुलं आणि त्यांचे कोच एकापोल हे तिथेच वाढलेले असून कोणत्याच देशाचे नव्हते, त्यांना नागरिकत्व मिळालं ते सुटकेनंतर, ऑगस्टमध्ये. आईबाबा दोघांकडे पीआर असेल तर मात्र मूल जन्माने थाय. पण वडील परदेशी असताना असं मिळालेलं असेल आणि सज्ञान झाल्यावर सलग पाच वर्षांपेक्षा जास्त वडिलांच्या देशात राहिलं तर रद्द व्हायची शक्यता असते, तेवढं मुंबईला कायमचं परतताना लक्षात ठेवा.

नवऱ्याचं नाव थाय राजपत्रात आलं. भारतीय पासपोर्टला अजून चार वर्षं आहेत, गणपतीला त्याच्यावरच येऊ का म्हणतात. (ताई, विलेपार्ले)

अजिबात नाही. तो पासपोर्ट आता वापरणं म्हणजे १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. आधी बँकॉकच्या भारतीय दूतावासात पासपोर्ट जमा करायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, त्यावर ओसीआयचा अर्ज टाकायचा. ओसीआय गणपतीच्या आधी हातात आलं नाही तर थाय पासपोर्टवर भारताचा ई-व्हिसा काढून या. तिकीट थाय पासपोर्टवरच्या नावाने आणि नंबरानेच बुक करा.