झिजेल ते दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, फोटोही पाहिले. पितळी नटराज, नर्तकीची आकृती असलेलं भिंतीवरचं घड्याळ, आणि काचेच्या फ्रेममध्ये मखमलीवर बसवलेले दोन घुंगरू. नोकरी लागल्यानंतरची तुझी पहिली भाऊबीज. बहीण कथक शिकते, मामेबहीण भरतनाट्यम, आणि दोघींना नाचातलंच काहीतरी द्यायचं तुझ्या मनात आहे. 'ताई, यातलं कुठलं घेऊ?' असं विचारलंस. यातलं एकही नको. नटराजाला माझा रोजचा नमस्कार असतो, पण तुझ्या बहिणीकडे दोन नटराज आधीच आहेत, मी घरी आले होते तेव्हा पाहिलेत.

माझं सांगणं एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. झिजेल ते दे. वापरून मळेल, विरेल, संपेल आणि पुढच्या दिवाळीला परत आणावं लागेल असं काहीतरी दे. नाचणारीच्या घरात जी वस्तू वर्षानुवर्षं नवीकोरी राहते, तिचा नाचाला काही उपयोग झालेला नसतो.

लगेच म्हणशील, मग घुंगरूच देतो. थांब जरा. कथकमध्ये पहिले घुंगरू गुरूच्या हातून घेण्याची रीत आहे, आणि ती नुसती श्रद्धेची बाब नाही. आमच्या क्लासमध्ये तत्कार, म्हणजे पायांनी ताल वाजवणं, स्थिर झाल्याशिवाय मुलीच्या पायात घुंगरू येत नाहीत. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' आधी मोकळ्या पायानं स्वच्छ वाजलं पाहिजे, कारण घुंगरांच्या नादात पायाची चूक लपून जाते. लहान मुली 25 किंवा 50 घुंगरांपासून सुरुवात करतात, पुढे एका पायाला 100, मग 150, 200. केव्हा वाढवायचे ते घोटे आणि गुडघे बघून ठरतं. भावानं कौतुकानं 200 ची जोडी आणली आणि पोरीनं हौसेनं बांधली, तर ते वजन तिच्या गुडघ्याला सोसायचं असतं, भावाला नाही.

मग घुंगरांमधलं झिजतं काय? दोरी. पितळ टिकतं, दोरी टिकत नाही. सुताची दोरी घाम पिते, वाळते, कडक होते, विरत जाते आणि एखाद्या दिवशी ऐन चक्करमध्ये, गिरकी घेताना, तुटते. कथकच्या जोडीत एकेक घुंगरू गाठ मारून बसवलेला असतो, तो हलता कामा नये. सगळी जोडी दणाणून सोडायची आणि मग त्यातूनच एका घुंगराची किणकिण काढायची, हे कथकचं वैभव. ढिल्या ओवलेल्या जोडीतून ते निघत नाही. नायलॉनच्या बारीक दोरीत ओवलेले स्वस्त घुंगरू घेऊ नकोस, ती दोरी घोट्याला काचते. जाड सुती दोरी आण, तुझ्या बहिणीची जुनी जोडी तिच्याकडून मागून घे आणि नव्यानं ओवून दे. स्वतः ओव. गाठ मी शिकवीन. शंभर घुंगरू सारख्या अंतरावर आवळून बसवायला नवशिक्याला एक दिवस पुरत नाही, बोटं दुखतात, ती दुखू देत. दिवाळीच्या सुट्टीत क्लास बंद असतो, एरवी ती जोडी तिच्या पायातून सुटायची नाही.

आता फरशीबद्दल. तू कधी तिच्या रियाझाची जागा नीट पाहिली आहेस का? तुमच्या फ्लॅटमध्ये स्लॅबवर टाइल आहे. तिच्यावर ती रोज हजारो वेळा तळपाय आपटते. सिमेंटला लवचीकपणा नाही, आपटलेलं सगळं परत टाचेत, नडगीत, गुडघ्यात येतं. जिममधली फोमची मॅट आणू नकोस, तिच्यात पाय रुततो, घोटा वळतो आणि आवाज मरतो. भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा. प्लायवूडची शीट 8 फूट बाय 4 फूट येते, 19 मिमी जाडीची घे आणि अर्धी कापून माग, म्हणजे 4 बाय 4 चा तुकडा मिळेल, तोच तिचा नाचायचा पाट. खाली लाकडी पट्ट्या ठोकून घे, पट्ट्यांना रबर लाव, म्हणजे पाटाखाली थोडी हवा राहील आणि खालच्या मजल्यावरची माणसंही कुरकुर करणार नाहीत. कडा पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत कर, तळपायात लाकडाची कूस गेली की आठवडा वाया जातो. हा पाट तत्कारासाठी. चक्कर त्यावर घ्यायच्या नाहीत, कडेवरून पाय घसरतो, हे तिला बजावून सांग. दोन-चार वर्षांत पाटाचा मधला भाग खडबडीत होईल, तेव्हा नवा करून दे.

हे एवढं तपशिलात का लिहिते आहे ते सांगते. माझ्या थोरल्या भावानं मला दर भाऊबीजेला उत्तमोत्तम दिलं. चांदीचा करंडा, अत्तरदाणी, एका वर्षी पैठणी. त्याच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पैठणी अजून घडीत आहे. त्याच वर्षांत मी वाड्यातल्या दगडी फरशीवर पहाटे रियाझ करत होते. आज मला वज्रासनात बसता येत नाही, शिकवताना खुर्ची लागते. एका लाकडी पाटाची किंमत त्या करंड्यापुढे काहीच नव्हती. ओवाळणी मागायची नसते असं आमच्या घरी वळण होतं, म्हणून मी बोलले नाही, आणि त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली पायांकडे कधी गेलीच नाही. भाऊ आता नाही. तुझी बहीण आहे, तिचे गुडघे अजून शाबूत आहेत, आणि तू मला घड्याळाचे फोटो पाठवतोस.

रागावले असं समजू नकोस. बरं, रागावलेच आहे थोडी.

पायांचंच आणखी एक. अनवाणी नाचून टाचांना भेगा पडतात, हिवाळा लागला की त्यातून रक्तही येतं. कोकणात यावर भिरंडेल लावतात. रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचं तेल ते, गार झालं की घट्ट होतं आणि त्याचे गोळे मिळतात. रात्री थोडं खरवडून कोमट करायचं, भेगांत भरायचं, वर सुती मोजे घालून झोपायचं. रियाझाला उभं राहण्याआधी पाय धुवायचे, नाहीतर घसरायला होतं. गोळा शे-दोनशे रुपयांचा म्हणून लाजू नकोस. महिनाभरात संपेल, आणखी दे. झिजेल ते दे म्हणते ते हेच.

कपड्यांत हात घालणार असशील तर सुती कुर्ता-चुडीदार आणि ओढणी, तेही दोन जोड, कारण घामानं भिजलेला जोड दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळत नाही. जरीकाम, टिकल्या काही नको. आणि मापाशिवाय शिवू नकोस.

मामेबहिणीला तेच सगळं देऊन टाकू नकोस, केवळ दोघींना सारखं दिसावं म्हणून. भरतनाट्यमचे घुंगरू बहुधा चामड्याच्या किंवा मखमलीच्या पट्ट्यावर रांगेत शिवलेले असतात, दोरीचा तिला उपयोग नाही. पट्टा घामानं ओला असताना पिशवीत कोंबला की कुजतो, तेव्हा हवा खेळेल अशी जाड सुती पिशवी शिवून दे. सरावाची सुती साडी दे, ती भराभर विरते. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसलेल्या स्थितीत, तासन्‌तास राहून मांड्या आणि गुडघे भरून येतात, चांगल्या फिजिओथेरपिस्टकडच्या चार भेटींचे पैसे भरून दे. दागिन्यांच्या वाटेला जाऊ नकोस, तिच्या गुरूंची त्यात ठरलेली पद्धत असणार. अगदीच छोटं काही हवं असेल तर तुळशीबागेत जाऊन आकडे, पिना, जाळ्या आणि टिकल्यांची पाकिटं घे. कार्यक्रमाच्या आधी मेकअपरूममध्ये मुली एकमेकींकडे पिनाच मागत फिरत असतात.

आणि आता जे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं ते. तुझी बहीण फोनवरच्या लेहऱ्यावर, म्हणजे ताल धरून फिरत राहणाऱ्या सुरावटीवर, रियाझ करते. चांगली सोय आहे, मी नावं ठेवत नाही, तीनतालाच्या 16 मात्रा तो बिनचूक मोजतो. पण तो तिच्याकडे बघत नाही. तिहाई, म्हणजे तीनदा घ्यायचा बोल, थोडी लांबली, श्वास अडकला, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाय आधी पडला, त्याला काही नाही. समोर तबलजी बसला की तो तिचा खांदा बघून ओळखतो की ही आता उचलणार. तिनं तुकडा, म्हणजे बोलांची छोटी रचना, पढंत करून, तोंडानं म्हणून दाखवायचा, त्यानं तो ऐकून वाजवायचा, मग तिनं नाचायचा, या देवाणघेवाणीत कथक घडतं. फोनवर पाठ होतं, एवढंच. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा ती पुढच्या सत्रात देते आहे. तुझ्या बजेटमध्ये तबल्याच्या साथीच्या चार बैठका सहज बसतात. तबलजीला विचारून त्याचं मानधन आधी देऊन टाक, घासाघीस करू नकोस. या बैठकांचं घरात काही उरणार नाही, भिंतीवर लावायला काही नसेल, पाहुण्यांना दाखवता येणार नाही. मला ही भेट सगळ्यांत मोठी वाटते.

मला लोक नावं ठेवतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. सत्काराला बोलावलं की मी आधीच सांगते, स्मृतिचिन्ह करू नका, त्या पैशांत माझ्या क्लासमधल्या मुलींना एका संध्याकाळची तबला-हार्मोनियमची साथ द्या. 'ताई व्यवहाराचं बोलतात' असं म्हणतात. म्हणू देत. पुण्यात कथक नर्तकी रोहिणीताई भाट्यांनी 1947 मध्ये नृत्यभारती ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली, त्या काळी मध्यमवर्गीय घरातल्या मुलीनं पायात घुंगरू बांधणं हेच धाडस होतं. आता विरोध ओसरला, घरोघरी कौतुक होतं. पण ते सगळं कौतुक शोकेसमध्ये जाऊन बसतं आणि मुलगी टाइलवर फोन लावून एकटी नाचत राहते. माझ्या कपाटात काचेची सन्मानचिन्हं धूळ खात आहेत आणि तबलजीचे पैसे जमले नाहीत म्हणून कितीतरी बंदिशी मी समोर उभ्याच करू शकले नाही. ती बोच मला आहे. म्हणून मी मागते, आणि मागताना मला संकोच वाटत नाही. गुरुपौर्णिमेला माझ्या मुली फुलांबरोबर दोरीची लडी आणतात, ती वर्षभर सगळ्यांना पुरते. हे कुणाला रुक्ष वाटत असेल तर वाटो. मी यात चुकते असं मला आजही वाटत नाही.

तुझी अडचण मला कळते. ओवाळून झाल्यावर तबकात ठेवायला हातात काहीतरी लागतं, आणि प्लायवूडचा तुकडा तबकात मावत नाही. तबकात घुंगरू ठेव, तू ओवलेले. पाट भिंतीला टेकवून ठेव. तबल्याच्या बैठकांचं तिला तोंडानं सांग. मामीला आधी फोन करून मामेबहिणीच्या गुरूंना विचारून घे.

भाऊबीजेच्या आठवडाभर आधी तरी माझ्याकडे ये, संध्याकाळचा क्लास सुटल्यावर. जोडी घेऊन ये आणि दोरी थोडी जास्तच घे, गाठींमध्ये बरीच जाते. येण्याआधी ती एकदा भिजवून सावलीत वाळव, म्हणजे ओवल्यानंतर आटणार नाही.

तुझी,
ताई