बन्नीत थांबावं का?

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत कच्छला जातोय, पांढरं रण तर बघणारच, पण आमच्या सोसायटीतले कच्छी काका म्हणाले की वाटेत बन्नी म्हणून मोठं गवताळ रान लागतं. तिथे मुद्दाम थांबण्यासारखं आहे का, की गाडीतूनच बघून घ्यावं?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : थांबाच! भुजहून निघायचं, पांढऱ्या रणाच्या तोंडाशी असलेल्या धोरडो गावी सूर्यास्त बघायचा, फोटो काढायचे आणि परत, असंच बहुतेक जण करतात आणि अख्खं बन्नी गाडीत डुलक्या काढण्यात जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं. भुजच्या उत्तरेला रणाला टेकलेला अडीच हजार चौ. किमीच्या आसपासचा हा सपाट पट्टा आहे, जमीन खारट, पाऊस कमी, त्यामुळे इथे पिढ्यान्‌पिढ्या धंदा गुरांचाच. गुरं पाळणारे ते मालधारी. त्यांच्या बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आणि चांगल्या म्हशीला लाखाच्या वर भाव येतो. ही म्हैस रात्रीच्या गारव्यात चरायला जाते आणि सकाळी दूध काढायच्या वेळेला आपली आपण घरी येते, मागे गुराखी लागत नाही! वाटेतल्या भिरंडियारा गावी मावा खायला उतरा, मोठ्या कढईत दूध आटवत बसलेले असतात, गरम गरमच घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा, रस्त्याच्या कडेला जी हिरवीगार झाडी दिसेल ती बन्नीची नव्हे. ती विलायती बाभूळ, तिकडे गांडो बावळ म्हणतात. रण पसरू नये म्हणून वनखात्याने १९६०च्या दशकात लावली, मग गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सगळीकडे गेलं आणि गवताची जागाच गेली. काही जण तिचा कोळसा पाडून पोट भरतात हेही खरं, पण म्हशीला लागतं गवत, आणि ते वाचायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. गवत बघायचं तर पावसाळा संपल्या संपल्या जा, डिसेंबरपर्यंत सगळं पिवळं पडतं.

प्रश्न : राहायचं कुठे? आणि मुलांना दाखवण्यासारखं काय?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : बन्नीतल्या होडको गावात गावकऱ्यांनीच चालवलेलं शाम-ए-सरहद नावाचं रिसॉर्ट आहे, तिथे भुंग्यात राहता येतं. भुंगा म्हणजे मातीचं गोल घर, आत भिंतीवर मातीत आरसे बसवून केलेलं लिंपणकाम, २००१च्या भूकंपात ही गोल घरं बरीच टिकली. मुलांना निरोणा गावाला नक्की न्या. तिथे गुरांच्या गळ्यातल्या घंटा बनतात, भंगार पत्रा ठोकून आकार द्यायचा, जोड वेल्डिंगशिवाय बसवायचा, तांब्या-पितळेची भुकटी लावून वर मातीचा लेप देऊन भट्टीत टाकायचं, आणि शेवटी कारागीर ठोकून ठोकून सूर लावतो कारण मालक आवाजावरून आपलं जनावर ओळखतो. एरंडेल तेलाच्या घट्ट रंगाने कापडावर नक्षी काढायची रोगन कलाही तिथलीच. काळो डुंगर या टेकडीवर दत्ताचं देऊळ आहे, तिथे कोल्ह्यांना प्रसाद घालतात. पक्ष्यांची आवड असेल तर छारी-ढंढ ही पाणथळ जागा बघा, थंडीत क्रौंच येतात.

भुजला जाणारी कच्छ एक्सप्रेस बोरिवलीला थांबते, तेव्हा वांद्र्यापर्यंत जायची गरज नाही, पण कासारवडवलीकरांनी घोडबंदरच्या ट्रॅफिकचा टाइम धरून निघावं. पांढऱ्या रणासाठी परमिट लागतं, सगळ्यांची ओळखपत्रं जवळ असू द्या.